फोनवरून दाढ बघताना

नवी मुंबईतलं महापे म्हणजे एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी. मिलेनियम बिझनेस पार्कच्या काचेच्या इमारती, पलीकडे केमिकल, प्लास्टिक आणि इंजिनिअरिंगचे गाळे, मागे पारसिकचा डोंगर. माझा दातांचा दवाखाना या सगळ्याच्या मधे आहे. सकाळी गावातल्या आज्या येतात, दुपारी गेटपास काढून कामगार, आणि संध्याकाळी नाइट शिफ्टला निघालेली कॉल सेंटरची मुलंमुली. यांतल्या बहुतेकांकडे वेळ नसतो. फर्स्ट शिफ्ट सोडून दाढ दाखवायला यायचं म्हणजे खाडा, आणि कंत्राटी कामगाराचा खाडा थेट पगारातून जातो.

मार्च २०२० पर्यंत दवाखान्यातला फोन अपॉइंटमेंटपुरता होता. त्या महिन्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोणत्या कामाला कोरोनाचा किती धोका याचा आलेख छापला. त्यात दंतवैद्य अगदी वरच्या टोकाला होते. कारण उघड होतं: आम्ही रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर काम करतो आणि दात कोरायचा हँडपीस फिरला की लाळेचा फवारा उडतो. २५ मार्चला टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती एमबीबीएस आणि त्यापुढच्या डॉक्टरांना समोर ठेवून लिहिलेली. आमच्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या १९ मे २०२० रोजी. कंटेनमेंट झोनमध्ये दवाखाना बंद, मात्र फोनवरून रुग्णांची चाळणी चालू ठेवता येईल. रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार. नवी मुंबई रेड झोनमध्ये होती.

दंतवैद्यांमध्ये तेव्हाच दोन तट पडले. हात न लावता दाताबद्दल बोलणं म्हणजे अंदाजपंचे, असं एका बाजूचं म्हणणं. ठणका लागलेल्या माणसाला उत्तर तरी द्यायला नको का, हे दुसऱ्या बाजूचं. कोरोना गेला, तट राहिले. माझं मत मात्र पक्कं झालं आहे. फोनला त्याची ठरावीक कामं नेमून द्यावीत आणि ती खुर्चीवरच्या कामाइतक्याच जबाबदारीने करावीत. हे मत ज्या अनुभवांतून झालं, ते सांगते.

१. दुखण्याआधी सूज विचारायची

फोन करणारा दुखण्याबद्दल बोलतो. ‘मॅडम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.’ ते खरंच असतं. पण दाढदुखीने जीव जात नाही, सुजेने जाऊ शकतो. खालच्या अक्कलदाढेचा किंवा तिच्या शेजारच्या दाढेचा पू जबड्याच्या आतल्या बाजूने खाली उतरला, तर जिभेखाली आणि हनुवटीखाली दोन्हीकडे सूज पसरते, जीभ वर ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतकी अँटिबायोटिक्स हाताशी असतानाही तो माणसाला काही तासांत आयसीयूत नेतो.

एकदा रात्री, पॅकिंग लाइनवर काम करणाऱ्या एका मुलाच्या रूम पार्टनरचा फोन आला. ‘याची दाढ दुखतेय, गोळी सांगा, मेडिकल बंद व्हायच्या आत आणतो.’ मी म्हटलं, फोन त्याच्याकडे दे. तो बोलायला लागला आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. आवाज घोगरा नव्हता, जाड झाला होता. जीभ हलत नसल्यासारखे शब्द अर्धवट उमटत होते. थुंकी गिळता येते का? नाही, तो रुमालाने पुसत होता. हनुवटीखाली बोट दाबून बघ, मऊ लागतं की टणक? ‘टणक.’ आडवं पडलं की गुदमरतं? हो, म्हणून तो संध्याकाळपासून भिंतीला टेकून बसला होता. तोंड किती उघडतं? एक बोटही जेमतेम जात होतं.

व्हिडिओ कॉल मी केलाच नाही, त्यात वेळ गेला असता. रिक्षा करा, मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, माझ्याकडे येऊ नका, आणि दारातच सांगा की श्वास घ्यायला त्रास होतोय. दाढ दुखते असं सांगितलं तर तुम्हाला बाकावर बसवतील. त्या रात्री त्याच्या गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढावा लागला. मुलगा बरा झाला, पुढे ती दाढ काढायला माझ्याकडेच आला.

फोन उचलणाऱ्या आमच्या ताईंच्या टेबलावर आता एक कागद चिकटवलेला असतो. सूज आहे का, कुठे? डोळ्यापर्यंत चढली आहे का? गिळता येतं का? तोंडात किती बोटं मावतात? ताप? डायबेटिस? रक्त पातळ होण्याची गोळी? बाई असेल तर दिवस गेले आहेत का? ही उत्तरं घेतल्याशिवाय त्या अपॉइंटमेंटची वेळ देत नाहीत. डायबेटिस आणि सूज एकत्र असली की वेळ मीच ठरवते, आणि ती त्याच दिवसाची असते.

२. फोटो काढायला शिकवणं हे आपलंच काम

‘पेशंटने पाठवलेल्या फोटोत काही दिसत नाही’ ही सहकाऱ्यांची पहिली तक्रार. दिसत नाही, कारण काय काढायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माणूस सेल्फी कॅमेरा तोंडासमोर धरतो, ट्यूबलाइटकडे पाठ करतो आणि ओठांचा, पुढच्या चार दातांचा, अंधारलेल्या पोकळीचा फोटो पाठवतो.

आता माझ्याकडे मराठी आणि हिंदीतला एक तयार निरोप आहे, फोन आला की आधी तो जातो. फोटो दुसऱ्या कुणी काढायचा, मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश लावून. आधी लेन्स मऊ कापडाने पुसायची. कारखान्यात वापरलेल्या फोनवर तेलाचा थर असतोच. चूळ भरायची, लाळ गिळायची. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढायचा. खालची दाढ असेल तर हनुवटी छातीकडे, वरची असेल तर खुर्चीत मान मागे टाकायची. कॅमेरा तोंडात खुपसायचा नाही. वीतभर लांब धरायचा आणि मग मोठं करून बघायचं. आणि दाढेच्याही आधी चेहऱ्याचा एक फोटो, समोरून, तोंड मिटून. दोन्ही गाल सारखे आहेत की नाहीत हे त्या एका फोटोत कळतं, आणि कितीदा तरी माझा निर्णय त्याच्यावरच होतो.

पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोवरून हिरडीच्या रंगाबद्दल मी काहीही बोलत नाही. सगळ्या हिरड्या त्यात आजारी दिसतात.

३. फोनवर दाढेचं नाव घ्यायचं नाही

शंका घेणाऱ्या सहकाऱ्यांचं इथे अगदी बरोबर आहे. खुर्चीत पेशंट असला की मी आरशाच्या दांड्याने एकेका दाढेवर हलकेच ठोकते, थंड केलेला बोळा लावते, हिरडीत प्रोब फिरवते, आरव्हीजीवर, म्हणजे डिजिटल सेन्सरवर, लहान एक्सरे काढते. एवढं करूनही कधी कधी दोन दाढांमध्ये पेच पडतो. पेशंट वरच्या दाढेवर बोट ठेवतो आणि कीड निघते खालच्या दाढेत. वरच्या आणि खालच्या जबड्याच्या संवेदना एकाच मोठ्या नसेच्या दोन फाट्यांतून मेंदूकडे जातात, त्यामुळे एका बाजूचं दुखणं वरखाली फसवतं. दोन दातांच्या मधली कीड, दाढेला गेलेली तड, कॅपच्या खाली कुजलेला भाग फोटोत येतच नाही.

पण हात नसला तरी कान आहेत, आणि नीट विचारलं तर पेशंट बरंच सांगतो. गार पाण्याने सणक येऊन लगेच जाते की मिनिटभर ठणकत राहतं? लगेच जात असेल तर थांबायला दिवस आहेत. ठणकत राहत असेल तर नस बहुधा वाचत नाही. गरम चहाने कळ येते आणि बर्फाचं पाणी तोंडात धरलं की बरं वाटतं असं कुणी सांगितलं, तर ती नस मरायला टेकली आहे. बाटली घेऊन बसलेला असा माणूस मी त्याच दिवशी बोलावते. खाली वाकल्यावर वरच्या तीन-चार दाढा एकदम जड होतात का? मग दाताच्या आधी सर्दी आणि सायनसचा विचार. गालावरून वारा गेला, दाढी करताना ब्लेड लागलं की विजेसारखी चमक येऊन क्षणात जाते का? तो चेहऱ्याच्या नसेचा आजार, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, असू शकतो. या दुखण्यात चांगल्या दाढा एकामागून एक काढून टाकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि एक प्रश्न मी चाळिशीपुढच्या प्रत्येकाला विचारते: जिना चढताना जबडा भरून येतो आणि थांबलं की कमी होतो का? गावठाणातल्या एका काकांनी या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. डाव्या खालच्या जबड्यात कळ, पण तिकडे त्यांना दाढच उरली नव्हती. त्यांना मी ईसीजी काढायला पाठवलं. हृदयाला रक्त कमी पडत होतं.

म्हणून फोनवर मी ‘तुमची ही दाढ खराब आहे, रूट कॅनल लागेल’ असं कधी म्हणत नाही. सांगते ते एवढंच: आत्ता निघा, आज या, या आठवड्यात या, किंवा घाई नाही. दूरवरून दातांची सेवा करायची की नाही यावर आम्ही दंतवैद्य जे वाद घालतो, त्यांतले निम्मे वाद मला वाटतं इथेच मिटतील. निदान आणि चाळणी ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फोनवर जमत नाही, म्हणून दुसरंही सोडून देणं हा रुग्णावर अन्याय आहे.

४. गोळी सांगण्याआधी पुडीचा फोटो मागवायचा

फोन करणाऱ्याने आधीच काहीतरी घेतलेलं असतं. मेडिकलवरून कात्रीने कापून आणलेल्या तीन-चार रंगांच्या गोळ्या. नाव कुणालाच माहीत नसतं. ‘पांढरी लांब आणि एक कॅप्सूल.’ मी म्हणते, उरलेल्या पट्टीचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी. त्यात कित्येकदा एकच वेदनाशामक दोन नावांनी निघतं आणि माणूस दुप्पट डोस घेत असतो. कुणी दाढेशी ॲस्पिरिन दाबून धरलेली असते, हिरडी पांढरी भाजलेली. कुणी लवंगेच्या तेलात बोळा बुडवून रात्रभर ठेवलेला. गावातल्या बायका दुखऱ्या दाढेला मिश्री लावतात. थोडं बधिर होतं, आणि त्या निमित्ताने तंबाखू पुन्हा तोंडात येते.

अँटिबायोटिकसाठी आग्रह सगळ्यात मोठा. ‘मागच्या वेळी दिलेली तीच लिहा ना.’ दाढेच्या आतली नस सुजली असेल तर अँटिबायोटिकने तो ठणका थांबत नाही. दाढ उघडून नस काढावी लागते किंवा दाढ तरी. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये हे स्पष्ट लिहिलं: उपचार उपलब्ध असताना अशा दुखण्याला अँटिबायोटिक नको. पू किंवा सूज पसरत असेल, ताप असेल तर ते लागतं, पण त्या माणसाला मी फोनवर ठेवतच नाही, बोलावते. मग फोनवर उरतं काय? पॅरासिटामॉल, आणि पोट, किडनी, दमा, गरोदरपण यांची चौकशी करून आयब्युप्रोफेन. ही दोन एकत्र दिली तर एकेकट्यापेक्षा चांगली लागू पडतात. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर मात्र आयब्युप्रोफेन नाही. नवी मुंबईत त्या दिवसांत डेंग्यू असतो, आणि डेंग्यूत ते रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

५. पडलेला दात दुधात

फोन खुर्चीपेक्षा सरस ठरतो अशी एक वेळ आहे. मुलगा ग्राउंडवर पडतो, समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर येतो. शाळा कोपरखैरण्याला, आई महाप्यात ऑफिसला, आणि पीटीच्या सरांच्या हातात रुमालात गुंडाळलेला दात. इथे मिनिटांचा हिशेब असतो. मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की दात पुन्हा धरत नाही, आणि कोरड्यात तासभर गेला तर आशा फार कमी उरते.

अशा वेळी माझी वाक्यं आखूड असतात. मुळाला हात लावू नका. पांढरा भाग धरा. माती असेल तर चटकन धुवा, घासू नका. मुलगा शुद्धीत आहे, ऐकतोय? मग दात जागच्या जागी बसवा आणि रुमाल चावायला द्या. धीर होत नाही? ग्लासभर गार दूध आणा, दात त्यात टाका, मला गाठा. पाण्यात ठेवायचा नाही. आणि मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर दात बहुधा दुधाचा असतो, तो परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. तो वाटेत कुठे गिळला नाही ना, एवढं बघायचं आणि यायचं.

हे सगळं सांगायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्या वेळात कुठलाही दंतवैद्य प्रत्यक्ष तिथे पोचू शकत नाही.

६. दाढ काढल्यानंतरचे चार दिवस

दाढ काढल्यानंतरची देखरेख फोनवर फार सोपी आहे, आणि आम्ही ती उगाच खुर्चीवर ओढतो. अमेरिकी लष्कराने १९९४ मध्ये दूरदंतसेवेचे जे सुरुवातीचे प्रयोग केले, त्यांत हिरडीच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती, तीही टेलिफोनच्या तारेवरून फोटो पाठवून. आपल्याकडे आज कुणाही शिकाऊ कामगाराच्या खिशात त्याहून बरी साधनं आहेत.

रात्री ‘रक्त थांबत नाही’ म्हणून फोन येतो. थुंकीत मिसळलेलं थोडं रक्तही बेसिनभर दिसतं. मी सांगते: थुंकणं बंद, चूळ बंद, स्वच्छ ओला कापूस नेमका खड्ड्यावर ठेवून अर्धा तास घट्ट चावा, मधे उघडून बघू नका, मग फोटो पाठवा. अर्ध्या तासाने बहुतेकांचं थांबलेलं असतं. ज्यांचं थांबत नाही त्यांच्यासाठी मी दवाखाना उघडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच फोन करते. दुखणं कमी होत होतं आणि आता पुन्हा वाढून कानात जातंय असं कुणी म्हटलं तर ड्राय सॉकेट (खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाणं) असणार, त्याला यावं लागतं. बाकीच्यांचा एक खाडा वाचतो.

७. न दुखणारा चट्टा फोनवर लवकर सापडतो

या मुद्द्याबद्दल मला सगळ्यांत जास्त तळमळ आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी तो, मावा आणि तंबाखू-चुन्याची चिमूट कारखान्यांच्या गेटबाहेर रोज खाल्ली जाते. बारा तास मशीनसमोर उभं राहायचं, झोप यायला नको, भूक मारायची, म्हणून गालात काहीतरी. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा येतो, तिखट झोंबायला लागतं, तोंड हळूहळू कमी उघडतं. दुखत मात्र काहीच नाही. आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कामगार दंतवैद्याकडे येत नाही.

फोटो मात्र पाठवतो. बेंगळुरूच्या केएलई दंत महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी बायोकॉन फाउंडेशनच्या साथीने हेच केलं होतं: आरोग्य कार्यकर्त्यांच्या हाती मोबाइल, तोंडाच्या आतले फोटो तज्ज्ञांकडे, आणि कुणाला तपासायला बोलवायचं ते तज्ज्ञ सांगणार. मी ते माझ्या आवाक्यात करते. कामगारांच्या ओळखीच्या एका मुकादमाला मी सहा फोटो काढायला शिकवलं आहे: दोन्ही गाल आतून, जीभ वर उचलून खालची जागा, जिभेच्या दोन्ही कडा, आणि टाळू. शिवाय तीन बोटं उभी करून तोंडात मावतात का, तेही त्याला बघायला सांगितलं आहे. फोटोवरून कॅन्सर आहे किंवा नाही असं मी म्हणत नाही. दोन आठवड्यांत न भरलेला कुठलाही फोड, तंबाखूच्या जागेवरचा कुठलाही चट्टा, तीन बोटं न मावणारं तोंड असलं की त्या माणसाला आणायचं. मी बघते, गरज वाटली तर बायोप्सीसाठी पाठवते. टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं खारघरचं केंद्र इथून लांब नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. टाटा म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर परळची गर्दी येते.

एका कंपनीच्या व्यवस्थापकाने माझ्याकडे यादी मागितली, कुणाकुणाच्या तोंडात चट्टे आहेत त्याची. दिली नाही. तोंडाचा फोटो त्या माणसाने उपचारासाठी पाठवलेला असतो. ती यादी ऑफिसात गेली असती तर पुढच्या कंत्राटात त्यांतले किती जण राहिले असते?

८. फुकट सल्ला, भीती आणि नोंद

फोनवरच्या सेवेला विरोध करणाऱ्या दंतवैद्यांशी मी बरीच बोलले आहे. वयाचा फरक मला फारसा दिसला नाही. फरक दिसतो कामाचा. तोंडाच्या आजारांचे तज्ज्ञ आणि दात सरळ करणारे फोनला अनुकूल, कारण त्यांचं अर्धं काम डोळ्यांचं. शस्त्रक्रिया करणारे नंतरच्या तपासणीपुरते तयार. रूट कॅनल करणारे सगळ्यांत साशंक, आणि ते का हे वर सांगितलंच.

पण बोलणं लांबलं की खरी कारणं बाहेर येतात. पेशंट रात्री अकराला फोटो पाठवतो, सकाळी आभारही मानत नाही आणि दाढ दुसरीकडे काढून घेतो. आणि उद्या काही बिघडलं तर? वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे, आणि फोनवर दिलेला सल्लाही सल्लाच असतो.

मला या दोन्हींवर एकच उपाय लागू पडलेला दिसतो: फोनला दवाखान्याचा भाग मानणं. घरचा नंबर वेगळा, कामाचा वेगळा. वेळ ठरलेली, सूज, रक्त आणि अपघात यांना वेळेचं बंधन नाही, बाकी सगळ्यांना आहे. फी आधी सांगायची, दवाखान्यात आलात तर ती उपचारातून वजा. पेशंटचं नाव, वय, तो काय म्हणाला, मी काय सांगितलं, कधी यायला सांगितलं, हे फोन ठेवायच्या आत केसपेपरवर लिहायचं. औषध लिहिलं तर नोंदणी क्रमांकासह. फोटो कामाच्या फोनमधून केसपेपरला जोडले की गॅलरीतून काढायचे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा असो वा नसो, माणसाच्या तोंडाचा फोटो कुटुंबाच्या फोटोंशेजारी राहता कामा नये. फी लावल्यापासून फोन कमी झाले आणि आलेले फोन गंभीर झाले. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्याकडून घेत नाही, पण नोंद त्यांचीही होते.

एका गोष्टीत मी साशंक सहकाऱ्यांच्या पूर्ण बाजूने आहे. घरी साचा पाठवायचा, माप घ्यायचं, आणि कुणी डॉक्टर तोंडात न बघता दात सरळ करणारे अलाइनर पोस्टाने पाठवणार, हा धंदा. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली तेव्हा कित्येकांचे उपचार अर्ध्यावर राहिले. एक्सरे न काढता, हाडाची आणि हिरडीची स्थिती न पाहता दात हलवणं मला मान्य नाही, मग तो हलवणारा शेजारच्या गल्लीत असो की सातासमुद्रापार.

९. फोन ज्याचा, बोलणं त्याचं

गावठाणातल्या आजीचा फोन म्हणजे नातवाचा फोन. सून बोलते: ‘आत्यांना कवळी टोचते, जरा घासून द्याल का, कधी आणू?’ मी म्हणते, आजींना द्या. आजी आधी म्हणतात, ‘काय नाय गो, बरी हाय.’ मग हळूहळू निघतं की कवळीच्या कडेला जखम आहे, गणपतीच्या आधीपासून आहे, भाकरी भिजवून खावी लागते. गणपतीच्या आधीपासूनची जखम म्हटल्यावर कवळी घासणं मागे पडतं. मी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावते, आणि कवळी काढून ठेवून यायला सांगते.

एका खोलीत सहा जण राहतात आणि चांगला कॅमेरा एकाच्याच फोनला असतो. ओडिशाहून, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलांना ‘सणक’ आणि ‘ठणका’ यांतला फरक मी हिंदीत कसाबसा विचारते, आणि उत्तर रूम पार्टनरच्या तोंडून येतं. नवरा बायकोच्या दाढेबद्दल बोलतो आणि दिवस गेले आहेत का या प्रश्नावर गप्प होतो. म्हणून माझा नियम आहे: दुखणाऱ्या माणसाशी स्वतः बोलल्याशिवाय कुठलंही औषध सांगायचं नाही. बोलता येत नसेल इतकं तोंड सुजलं असेल, तर तेच उत्तर आहे, आणि मग निघायला सांगायचं.

१०. हे शिकवलं गेलं पाहिजे

नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे: नवी मुंबईच्या या पट्ट्यात इतकी दंत महाविद्यालयं आहेत की इथल्या दवाखान्यांत नवीन डॉक्टरांची कमी पडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुली दाढ छान भरतात, एक्सरे नीट वाचतात. फोन वाजला की मात्र गोंधळतात आणि ‘दवाखान्यात या’ म्हणून ठेवून देतात. कुणी त्यांना फोनवर इतिहास घ्यायला शिकवलेलं नसतं. त्यांना मी पहिले काही आठवडे स्पीकरवर माझ्याशेजारी बसवते. पेशंटने काय सांगितलं ते त्या लिहितात, आणि फोन ठेवल्यावर मी विचारते: आत्ता, आज, आठवड्यात, की घाई नाही? मग पेशंट प्रत्यक्ष आला की त्या त्यांचं उत्तर ताडून बघतात. यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, इंटर्नशिपमधल्या दोन दुपारी पुरतील.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी यावा म्हणून संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला. त्या आयोगाकडे माझं मागणं लांबलचक नाही. २०२० च्या सूचना साथीसाठी होत्या. साथ नसतानाच्या दिवसांसाठी दंतवैद्यांचे स्वतःचे नियम हवेत: फोनवर कोणती औषधं लिहायची, कोणती नाहीत, नोंद किती वर्षं ठेवायची, कामगारांचे फोटो मालकाला द्यायचे नाहीत, आणि चाळणीत कोणते प्रश्न विचारलेच पाहिजेत. त्या शेवटच्या यादीत हनुवटीखालच्या सुजेचा आणि थुंकी गिळता येण्याचा प्रश्न पहिल्या ओळीत असावा.